'फुलमेटल अल्केमिस्ट'चा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) आवडला, तर 2017 चा लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांचा, चित्रपट बघावा का? असे चित्रपट एवढी निराशा का करतात?

बघू नका. निदान घरच्यांना शेजारी बसवून तरी अजिबात नको. मी ते केलंय.

2011, माझं बारावीचं वर्ष. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मामेभावाने 'ब्रदरहुड'चे, म्हणजे याच ॲनिमेचे, 64 च्या 64 भाग पेन ड्राइव्हवर आणून दिले होते. चौथा भाग रात्री साडेअकराला, माजघरात हेडफोन लावून बघितला. निना टकरचा. ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: निना ही लहान मुलगी, तिचा बापच तिला आणि तिच्या कुत्र्याला किमयेने जोडून एक बोलणारा प्राणी बनवतो. तो प्राणी नायकाचं, एडचं, नाव एकेक अक्षर जुळवत उच्चारतो आणि मग त्याच तुटक आवाजात त्याला 'दादा' म्हणतो. हाक निनाची. डोक्यावरून लोंबणारे केसही तिच्या वेण्यांच्या रंगाचे. मला हुंदका आवरेना. आप्पा पाणी प्यायला उठले होते. "चित्रं बघून रडत्यात व्हय? बारावी हाय तुझी." पेन ड्राइव्ह परीक्षा संपेपर्यंत कपाटात आणि कपाटाची किल्ली आप्पांच्या करगोट्याला.

ते 'चित्रं' मला सात वर्षं सलत होतं. फेब्रुवारी 2018 मध्ये हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला तेव्हा वाटलं, आता खरी माणसं आहेत, आता आप्पांना कळेल. होळीला गावी गेले. संध्याकाळचं दूध डेअरीला घालून आल्यावर त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. ते मन लावून बघत होते, मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते. निनाचा प्रसंग आला तसाच गेला. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्येच्यापायी रडलीवतीस व्हय गं?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मला काही बोलता आलं नाही, आणि ते म्हशींना वैरण टाकायला उठले.

तेव्हा सुचलं नाही ते आता सांगते. ॲनिमेत एड आणि त्याचा धाकटा भाऊ अल, ज्याचा फक्त आत्मा एका चिलखतात अडकलाय, एकाच हाताने काढलेले आहेत. एकाला चेहरा, दुसरा पोकळ चिलखत, तरी दोघं सारखेच जिवंत. त्या अवाढव्य चिलखतातून रिए कुगिमियाचा कोवळा आवाज आला की लोखंड दिसेनासं होतं, आत अडकलेलं पोर दिसतं. चित्रपटात एड हाडामांसाचा आणि अल संगणकावर बनवलेला. काम वाईट नाही, दिग्दर्शक सोरी यांनी 'टायटॅनिक'च्या इफेक्ट्सवर काम केलंय. पण आपला डोळा सारखा सांधा शोधत राहतो. निनाच्या वेळीही तेच. पोटात कालवायच्या ऐवजी 'हे कसं केलं असेल' असं मनात येतं, आणि तिथेच प्रसंग संपतो.

शिवाय 27 खंडांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) सव्वादोन तासांत कोंबायची म्हणून स्कार हे पात्रच गाळलं. स्कार म्हणजे गोष्टीतल्या इश्वालच्या हत्याकांडातून वाचलेला, सूडाने पेटलेला माणूस. तो नाही म्हणजे त्या हत्याकांडाची जखम नाही, आणि मूळ गोष्टीत निनाचा शेवट ज्याच्या हातून होतो तोच नाही. इटलीत व्होल्टेराला जाऊन दगडी गल्ल्यांत चित्रीकरण केलं, पण गोष्टीचा कणाच सोबत नेला नाही.

जपानी नटांना सोनेरी केस शोभत नाहीत ही तक्रार मला फालतू वाटते. खोट आहे ती 'चित्र म्हणजे कच्चा आराखडा, माणसं उभी केली की खरं होतं' या समजुतीत. आप्पांचं तेच म्हणणं होतं, आणि त्यांना चित्रपट दाखवून मी ते मान्य केलं. याचाच मला जास्त त्रास होतो.

कारण ही गोष्ट आप्पांचीच आहे हो! मूळ मांगा लिहिणारी-काढणारी हिरोमू अराकावा ही जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडोच्या दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. सात वर्षं घरच्या शेतीत आणि गोठ्यात राबून मग टोकियोला गेली. स्वतःचं चित्र काढते ते चष्मा लावलेल्या गाईचं. काही हवं असेल तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा तिच्या गोष्टीतला नियम तीस वर्षं पहाटे पाचला डेअरीत उभं राहून फॅट किती लागली ते बघणाऱ्या माणसाला कुणी समजावून द्यायला लागत नाही.

आता हे पण सांगायला हवं की सगळेच फसतात असं नाही. 'रुरौनी केनशिन' हा सामुराईचा चित्रपट चांगला जमला, कारण तलवारबाजी माणसाच्या अंगात बसते. 'वन पीस'च्या 2023 च्या मालिकेला आठ भागांची ऐसपैस जागा मिळाली आणि मूळ मांगाकार ओदा स्वतः लक्ष ठेवून होते, ती जरूर बघा. 'फुलमेटल'चे पुढचे दोन चित्रपट 2022 मध्ये आले, त्यांत स्कार आहे. पहिला बघायचाच असेल तर एकटे बघा.

आणि घरात कुणी 'कार्टून' म्हणून हिणवत असेल तर सरळ चौथा भाग लावा. मूळ जपानी आवाजातच, सबटायटल वाचता येत नसतील तर शेजारी बसून मराठीत सांगा. मी या दिवाळीला तेच करणार आहे. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता पडदा स्वच्छ दिसतो म्हणतात.