सोबत्यांच्या स्मरणार्थ दुचाकी फेरी

प्रश्न : आमच्या गटातील एका मित्राचे गेल्या पावसाळ्यात बोरघाटात अपघाती निधन झाले. त्याच्यासह आजवर गमावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ दादरहून लोणावळ्यापर्यंत तीस दुचाकींची फेरी काढायची आहे. ती कशी आखावी?
– एक वाचक, दादर

उत्तर : नोव्हेंबरमधील तिसरा रविवार निवडावा, रस्ते अपघातातील बळींचा जागतिक स्मृतिदिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी तो २००५ मध्ये स्वीकारला आहे, आणि तोवर घाटातील पाऊसही सरलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर व अटल सेतूवर दुचाकींना मनाई असल्यामुळे सायन, वाशी, पनवेल, खोपोली असे जुन्या महामार्गानेच जावे लागेल. वाहतूक पोलिसांना आधी लेखी कळवावे.

तीस गाड्यांचा एकच ताफा करू नये. सात-आठ जणांचे गट पाडून, पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखत आलटून-पालटून डावी-उजवी बाजू धरावी आणि घाटात मात्र एकेरी रांग लावावी. दिवंगत मित्रासाठी पहिल्या ओळीत जागा रिकामी सोडण्याची प्रथा हृद्य आहे; परंतु ती मोकळ्या, सरळ रस्त्यावरच पाळावी, कारण मुंबईच्या रहदारीत त्या जागेत क्षणात एखादी रिक्षा शिरते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. सायलेन्सरचा गडगडाट म्हणजे मानवंदना, हे आम्हाला पटत नाही. इंजिने बंद करून दोन मिनिटे उभे राहावे.

हार घालण्यासाठी अपघाताच्या वळणावर थांबू नये. मित्राच्या आईवडिलांना विचारून तो त्यांच्या घरी, निघण्यापूर्वी घालावा.