मंगळवेढा ते पंढरपूर: शेवटच्या दिवसाबद्दल

रामकृष्णहरी ताई.

तुम्ही माघी वारीला पहिल्यांदाच चालताय. खानापूरहून निघालेली दिंडी अथणी, जत करत मंगळवेढ्याला शेवटचा मुक्काम करणार, आणि पायाला आत्ताच फोड आलेत. शेवटचा टप्पा टेम्पोत बसून गेलं तर वारी मोडते का आणि दशमीलाच दर्शन होईल का, असं तुम्ही विचारलंय.

वारी मोडत नाही. कुणी मोडते म्हणालं तरी मनावर घेऊ नका. खरं टेम्पोत बसायची वेळ आलीच तर मधल्या पट्ट्यात बसा, शेवटच्या नको. मंगळवेढ्याहून पंढरपूर साधारण 25 किलोमीटर. काकडा करून अंधारातच दिंडी निघते, माघाची थंडी असते, दोन्हीकडे जोंधळ्याची रानं. तो भाग पाय दुखत असले तरी चालून होतो. त्रास सुरू होतो ऊन चढल्यावर, डांबर तापल्यावर. तेवढा पट्टा सामानाच्या गाडीत बसा आणि गोपाळपूरला उतरा. तिथून पंढरपूर दोनेक किलोमीटर राहतं. मागची माणसं येईपर्यंत दिंडी तिथं थांबते, पताका पुढं होतात, विणेकरी मध्ये येतात, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका रांगेला लागतात. त्या रांगेत तुम्ही असायला पाहिजे. गाडीत बसणार असाल तर दिंडीचालकांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे रस्त्यात तुम्हाला कुणी शोधत बसणार नाही.

फोडांचं म्हणाल तर बारीक असतील त्यांना हात लावू नका. मोठा, टणक झालेला असेल तर सुई स्पिरिटनं पुसून कडेला टोचा आणि पाणी काढा. वरची कातडी सोलायची नाही, तीच आतल्या ओल्या जागेला राखते. मलम, वर कापडी पट्टी, त्यावर कोरडे सुती मोजे. दुपारच्या विसाव्याला मोजे बदला. साखरेचा आजार असेल किंवा फोडाभोवती लाली, ऊब, पू दिसला तर स्वतः टोचाटोची करू नका, मंगळवेढ्यातच डॉक्टरांना दाखवा. नवी चप्पल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणारी माणसं असतात, तसं अजिबात करू नका.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. शेवटच्या दिवशी दिंडी सोडून पुढं पळू नका. पंढरपूर जवळ आलं की चाल आपोआप वाढते, तरणी पोरं तर पळतच सुटतात. पायात काही उरलेलं नसतं, नुसती ओढ असते, आणि गुडघे नेमके याच दिवशी धरतात. त्यापेक्षा मागं राहा, म्हाताऱ्या बायकांच्या चालीनं चाला. त्या दमल्या की अभंग धरतात, अभंग संपेपर्यंत पुढचं गाव आलेलं असतं. पुढं पळालेला माणूस गर्दीत एकटा पोचतो, फोन लागत नाही, आपली दिंडी कुठल्या मठात उतरली ते कळत नाही. आणि ज्यांच्याबरोबर इतकं चाललो, अथणीकडच्या कन्नड घरांतली भाकरी आणि शेंगाचटणी ज्यांच्या पंक्तीला बसून खाल्ली, त्यांच्याबरोबर पंढरपुरात शिरायचं राहून जातं. माझ्या मते वारीचं फळ तिथं मिळतं.

मंगळवेढ्याचा मुक्काम नुसता झोपण्यात घालवू नका. दामाजीपंतांचं हे गाव, कान्होपात्रेचंही हेच. आणि चोखोबांचं. गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून 1338 साली चोखोबा इथंच गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथून पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं वारकरी परंपरा सांगते. जो माणूस हयातीत देवळाच्या आत जाऊ शकला नाही, त्याला नामदेव ज्या दिशेनं घेऊन गेले त्याच दिशेनं दुसऱ्या दिवशी आपण चालतो. मला हे दरवेळी आतून हलवतं. त्या देवळाची दारं दलितांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, हेही बरोबरच्या पोरांना चालता चालता सांगा.

दर्शनाचं. दशमीला पोचल्या पोचल्या पदस्पर्श दर्शन होईल ही आशा ठेवू नका. रांग गोपाळपूर रोडवरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली असू शकते, आणि दिवसभर चाललेल्या पायांनी त्यात तासन्‌तास उभं राहणं बरं नाही. चंद्रभागेत पाय बुडवा, नामदेव पायरीला हात लावा, शेजारी चोखोबांच्या समाधीपुढं डोकं टेकवा, कळसाचं दर्शन घ्या आणि मठावर येऊन पाय वर करून पडा. आमच्यातली कितीतरी जुनी माणसं कळस बघूनच परत फिरतात, त्यांना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि लवकर सरकते. पदस्पर्शच घ्यायचं असेल तर गर्दी उतरल्यावर, बारशीनंतर जा.

दशमीच्या रात्री पोटभर जेवा. दमलेल्या अंगावर दुसऱ्या दिवशी एकादशी येते, आणि नुसत्या साबुदाणा-शेंगदाण्यावर चक्कर येऊन पडलेल्या बायका मी बघितल्यात. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. गोळ्या चालू असतील तर उपवासाचं घरूनच डॉक्टरांना विचारून या.

बारशीचं पारणं दिंडीबरोबरच सोडा. बरीच माणसं एकादशी झाली की बॅगा उचलतात आणि वाढायला हात कमी पडतात. तुमचे पाय दुखत असतील तर बसल्या जागी भाज्या चिरा, भाताचं पातेलं सांभाळा. खानापूरकरांना भात लागतोच. मिरजेची गाडी धरून पुढं बेळगावकडं यायचं असेल तर सामान आदल्या रात्रीच बांधा, आणि स्टेशनपर्यंत चालत न जाता रिक्षा करा.