ओपीडीतली पोस्टिंग आणि आयसीयूची ओढ

कोल्हापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : ‘स्त्रीरोग ओपीडीत लघवीच्या संसर्गाच्या रुग्णांची माहिती घेणे आणि त्यांना आरोग्यशिक्षण देणे एवढेच काम माझ्याकडे आहे. असले प्रश्न विचारताना संकोच वाटतो. “पाणी भरपूर प्या” हे सांगायला चार वर्षे कशाला शिकायचे? खरे नर्सिंग आयसीयूतच असते ना? की एमबीए करून रुग्णालय व्यवस्थापनाकडे वळू?’

तुम्ही आयसीयूची इच्छा जरूर धरावी, मात्र या पोस्टिंगला कमी लेखून तो निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘उन्हाळी लागलीय’ एवढेच बोलून बाई गप्प होते. त्यामागे मूत्राशयाचा साधा संसर्ग असेल, मुतखडा असेल, योनिमार्गाचा संसर्ग असेल किंवा मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला संसर्गही असेल. थंडी वाजून ताप आला का, बरगडीखाली पाठीच्या एका बाजूला दुखते का, उलट्या होतात का, अंगावरून पांढरे जाते का, मधुमेह आहे का, मागच्या वेळच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या का, हे विचारल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही. पाळी चुकली आहे का, हा प्रश्न तर औषधाची चिठ्ठीच बदलू शकतो, कारण गरोदरपणात काही प्रतिजैविके टाळावी लागतात आणि त्रास नसला तरी लघवीत जंतू आढळल्यास उपचार करावे लागतात. सासू शेजारी उभी असताना मिळालेले ‘नाही’ हे उत्तर मात्र धरून चालू नये. पडद्याआड नेऊन पुन्हा विचारावे. तुमचा संकोच स्वाभाविक आहे, पण तो रुग्णाला दिसला की तीही अर्धेच सांगते.

नमुन्याचेही तसेच आहे. गगनबावड्याहून सकाळच्या एसटीने येणारी बाई घरूनच औषधाच्या जुन्या बाटलीत लघवी भरून आणते, आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, तो नमुना निरुपयोगी ठरतो. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची किंवा तोवर फ्रिजमध्ये ठेवायची, हे तिला तिच्या शब्दांत सांगणारी व्यक्ती तुम्हीच असता.

आता पाण्याविषयी. कपिलतीर्थ मंडईत पहाटेपासून भाजी घेऊन बसणारी बाई मुद्दामच पाणी कमी पिते, कारण जवळ स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची तिला खात्री नसते. तिला ‘भरपूर पाणी प्या’ सांगून काही साधत नाही; आधी ती कुठे आणि किती वेळाने जाऊ शकते हे विचारावे, मग पाण्याच्या वेळा ठरवाव्यात. अनेकींना हा आजार म्हणजे आपल्याच अस्वच्छपणाचा ठपका वाटतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटरच असतो, पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर, आणि बहुतेक वेळा आतड्यातला ई. कोलाय हा जंतूच तिथे पोहोचतो, हे समजले की पुढून मागे पुसण्याची सूचनाही पटते. धने-जिऱ्याचे पाणी प्यायचे असेल तर पिऊ द्यावे. गोळ्या मात्र त्यासाठी थांबवू नयेत. नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गावरचे प्रतिजैविक जेवणासोबत घ्यायचे आणि त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी दिसू शकते, हे आधी सांगितले नाही तर घाबरून कोर्स मध्येच सोडला जातो. शेवटी, ताप किंवा पाठदुखी सुरू झाली तर काय कराल, हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे.

आयसीयूत गेलात तरी हे काम सुटणार नाही. तिथे कॅथेटरची (लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीची) पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे का, नळी मुडपली आहे का आणि कॅथेटरची गरज आजही आहे का, हे रोज पाहावे लागते. अतिदक्षता विभागासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, एम.एस्सी. नर्सिंगला पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. संसर्ग-नियंत्रण परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे मार्गही आहेत, आणि त्यांत आजची ही पोस्टिंग थेट उपयोगी पडते. एमबीए कोणत्याही पदवीनंतर करता येते, त्यामुळे ती घाई आज नको. शेवटच्या सत्रातील इंटर्नशिपमध्ये आयसीयूत मन रमते का ते पाहा. तोवर या ओपीडीत दोन-तीन रुग्णांची संपूर्ण माहिती स्वतः घेऊन ती तुमच्या ट्यूटरकडून तपासून घ्या.