वाचकांचे प्रश्न : उन्हाळा, छंद आणि तब्येतीचे संकल्प

एप्रिल-मे महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या टपालाचा नूर बदलतो. एरवी घरगुती वाद आणि मुलांचे अभ्यास यांनी भरलेली पत्रे अचानक आंबे, सुट्टी, पोहण्याचे वर्ग आणि गुढीपाडव्याला केलेले संकल्प यांविषयी बोलू लागतात. त्यांतील पाच पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत. गावे आणि वये वेगवेगळी असली, तरी बहुतेक पत्रांत एक गुंता समान आहे. जेथे आकडा खरोखर उपयोगी पडतो तेथे आपण मोघम राहतो आणि जेथे त्याचे काही काम नाही तेथे तो ओढून आणतो.

प्रश्न : मी 67 वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. पाडव्याला रोज दहा हजार पावले चालण्याचा संकल्प केला. मुलाने पावले मोजणारे मनगटी घड्याळही आणून दिले. पहिले काही आठवडे उत्तम गेले. परंतु आता सकाळी आठलाच ऊन सोसवत नाही. राहिलेली पावले मी रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालून भरून काढतो. एखादा दिवस खंड पडला की सगळे मुसळ केरात गेल्यासारखे वाटते. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रथम त्या दहा हजारांविषयी, कारण आपल्याला धाक त्या आकड्याचाच वाटतो आहे. हा आकडा शास्त्रीय संशोधनातून ठरलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि 1965 मध्ये तेथील एका कंपनीने विक्रीस आणलेल्या पाऊलमापकाला ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे नाव दिले. तेथून तो आकडा जगभर पसरला. संशोधन त्यामागून आले. पंधरा अभ्यासांतील माहिती एकत्र करून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले की, साठीच्या पुढच्या लोकांत चालण्याचे प्रमाण वाढते तसा मृत्यूचा धोका कमी होत जातो. मात्र साधारण सहा ते आठ हजार पावलांनंतर हा फायदा फारसा वाढत नाही. म्हणजे रात्री जेवणानंतर पलंग आणि टीव्ही यांच्यामध्ये आपण जी शेवटची दोन हजार पावले भरून काढता, त्यांतून घड्याळाचे समाधान होते. आपल्या प्रकृतीला त्यांची तितकीशी गरज नाही. शतपावलीचा आनंद वाटत असेल तर ती अवश्य घालावी, परंतु दंड म्हणून नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना पावलांऐवजी मिनिटांत बोलतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते माप अधिक सोयीचे आहे. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, असे त्या सांगतात. मध्यम गती म्हणजे चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. आठवड्याचा हिशेब ठेवला की एखाद्या दिवसाचा खंड दुसऱ्या दिवशी सहज भरून निघतो. पासष्टीच्या पुढच्यांसाठी याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे चालणारी मंडळी साफ दुर्लक्ष करतात: स्नायूंना बळ देणारे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोल सांभाळण्यास मदत करणारे व्यायाम किमान तीन दिवस करावेत. खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे आणि ओट्याला एक हात लावून एका पायावर उभे राहणे, एवढ्याने सुरुवात होते. हे व्यायाम पंख्याखाली करता येत असल्यामुळे मे महिन्यात त्यांच्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. आपल्या घड्याळात त्यांची नोंद होणार नाही, तेव्हा ती साध्या वहीत करावी.

वेळेचे म्हणाल तर मे महिन्यात नागपूरला पावणेसहापूर्वीच सूर्योदय होतो. फिरणे साडेपाचला सुरू करून साडेसहा-पावणेसातपर्यंत घरी परतावे. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल त्या दिवशी बाहेरचे चालणे सरळ रद्द करावे आणि त्याला खंड म्हणू नये. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास उन्हाळ्यातील तिच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. स्वतःच्या मनाने ती बंद करू नये. चालताना चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर तत्काळ सावलीत बसावे. बोलणे असंबद्ध होणे आणि अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही गोष्ट घरच्यांनाही ठाऊक असू द्यावी.

राहिला खंडाचा प्रश्न. एकवीस दिवसांत सवय जडते, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत निराधार आहे. लंडनमधील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला आणि 2010 मध्ये तो अभ्यास छापला. त्यांत सवय अंगवळणी पडण्यास लागणारा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता; त्याचा मध्य 66 दिवसांवर आला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रमात विशेष अडथळा येत नाही, असेही त्यात आढळले. पाडव्यापासूनचे आपले श्रम सुरक्षित आहेत.

प्रश्न : मी 34 वर्षांचा असून संगणक क्षेत्रात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी जलरंग हाती घेतले आणि त्यात जीव रमला. यंदा मित्रांच्या गटात ‘शंभर दिवस, शंभर चित्रे’ असा उपक्रम सुरू केला. निम्म्यावर येईपर्यंत दमलो. आता रंगपेटी उघडावीशी वाटत नाही. छंद सोडून द्यावा की शिस्त वाढवावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नको, उपक्रम सोडावा. कचेरीत आपल्या डोक्यावर मुदती असतातच. छंदाचे सुख असे की तेथे आपली वाट पाहत कोणी बसलेले नसते, आणि आपण मित्रांना नेमके तेच काम दिलेत. आपण दमलात यात शिस्तीचा दोष नाही. रोज रात्री दहाला, काहीतरी दाखवायचेच म्हणून काढलेले चित्र आपल्यालाच आवडत नसणार, आणि न आवडलेली तीस चित्रे एकापाठोपाठ पाहिल्यावर कोणाचाही हात आखडेल.

शिवाय आपण यासाठी ऋतूही अवघड निवडला आहे, ही गोष्ट उपक्रमाच्या उत्साहात लक्षात येत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद पाहता पाहता वाळतो. आकाशाच्या रंगाचा हात अर्ध्यापर्यंत येतो न येतो तोच वरची कडा कोरडी होऊन तिची रेघ उमटते. ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याचे काम पावसाळ्यात आपोआप साधते, ते आता साधत नाही आणि चित्रकाराला वाटते की आपला हातच बिघडला. तेव्हा चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या फळीवर चिकटवावा. खालची ओल बराच वेळ टिकते. पंखा बंद ठेवावा (हे पुण्यात मे महिन्यात सांगणे क्रूरपणाचे आहे, याची कल्पना आहे), म्हणून काम सकाळी सातपूर्वी करावे आणि चित्राचा आकार पोस्टकार्डाएवढा ठेवावा.

विषय शोधत फिरू नये. जाता-येता दिसणारे एकच झाड धरावे. पुण्यात या दिवसांत बहावा फुललेला असतो आणि आपल्या राज्याचे फूल असलेला तामणही जांभळा होतो. बहाव्याचे घोस काढताना पिवळ्याची छाया काळा रंग मिसळून करायला गेल्यास तो शेवाळी आणि मळकट होतो. त्याऐवजी पातळ जांभळा किंवा तपकिरी वरून फिरवावा आणि उन्हाचा भाग कोऱ्या कागदाचाच सोडावा. एका झाडावर असे काम करू लागल्यावर पुढच्या आठवड्यात त्याच झाडाकडे पुन्हा पाहावेसे वाटते, कारण तोपर्यंत निम्मी फुले खाली सडा होऊन पडलेली असतात आणि फांद्यांवर पोपटी पालवी दाटलेली असते.

आकड्यांची हौस अगदीच जात नसेल, तर तिलाही वाट आहे. झाडांच्या ऋतुचक्राच्या नोंदी करणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम देशभर चालतो. त्यात सामान्य नागरिक आपल्या परिसरातील एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे यांची नोंद पाठवतात. तेथे नोंदीला अर्थ आहे, कारण ती झाडाची असते. झाडाला किती फुले आली यावरून आपली लायकी ठरत नाही. रंगपेटीचे म्हणाल, तर ती टेबलावर उघडी ठेवावी आणि ती हाती घ्यावीशी वाटेपर्यंत थांबावे. मित्रांना मात्र उपक्रम संपल्याचे आजच कळवावे.

प्रश्न : वय 58, आठ वर्षांपासून मधुमेह. आंब्याच्या दिवसांत घरात पेट्या येतात आणि मी नुसती वासावर राहते. आंबा अजिबात खाऊ नये का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : येथे मात्र आकडा हवा. आंब्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 15 ग्रॅम कर्बोदके असतात, आणि त्यांतील बहुतेक साखरच असते. आपली साखर आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर मध्यम हापूसचा अर्धा भाग फोडी करून, दोन जेवणांच्या मधल्या वेळी खाता येतो. त्या वेळचे बिस्किट किंवा चिवडा मग गाळावा. त्यानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासून ती लिहून ठेवावी. दोन-तीन वेळा असे केले की आपल्या शरीराला किती आंबा मानवतो, हे आपल्याला कोणत्याही लेखापेक्षा नेमके कळेल. खरा घात करतो तो पुरीबरोबरचा आमरस. वाटीमागून वाटी पोटात गेली की दोन-तीन आंबे कधी संपले ते समजत नाही. वर साखर घातलेली असते आणि सोबतीला तळलेली पुरी. पन्ह्यात साखरेऐवजी गूळ घातल्याने ते मधुमेह्यांना चालते, हा समजही सोडावा. रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. कैरी उकडून, गर मीठ-जिऱ्याबरोबर पाण्यात घोळून, गोडाशिवाय प्यावी. आंबट लागेल, पण उन्हातून आल्यावर तीही गोड वाटते.

प्रश्न : सुट्टीला आलेली नऊ आणि बारा वर्षांची नातवंडे दिवसभर मोबाइलवर असतात. आमच्या वेळच्या गमतींत त्यांना रस नाही. त्यांना कोणता छंद लावावा?
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : छंद लावता येत नाही, काम देता येते. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द उच्चारले की मुले उठून जातात, म्हणून ते वगळावेत. कुरडयांसाठी गहू भिजत घालाल तेव्हा रोजचे पाणी बदलण्याचे काम धाकट्याकडे द्यावे आणि सोऱ्या फिरवण्याचे थोरल्याकडे. गरम चीक दूध-गुळाबरोबर खायला मिळाल्यावर पुढच्या वर्षी ती स्वतःच विचारतील. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभी ठेवलेली बाटली आपली सावली पायाखाली घेते. हाच प्रकार पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात शेवटच्या आठवड्यात दिसतो, त्यामुळे तिकडच्या भावंडांना फोनवरून बातमी देण्याचेही निमित्त होते. रात्री गच्चीवर सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की आधी तांबूस स्वाती आणि मग पांढरी चित्रा सापडते. ताऱ्यांची नावे मोबाइलवर तपासायची असतील तर खुशाल तपासू द्यावीत.

प्रश्न : मी 52 वर्षांची गृहिणी आहे. या वयात पोहायला शिकता येईल का? लोक हसतील असे वाटते. आमच्या शेतात शेततळे आहे, तेथे शिकले तर चालेल का?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : शिकता येईल, आणि गुडघे कुरकुरत असतील तर चालण्यापेक्षा पोहणे अधिक सोसेल. शेततळ्यात मात्र कदापि उतरू नये. त्याच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढून बाहेर येता येत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या येतात. काठाला गाठी मारलेला दोर बांधलेला नसेल तर तो आजच बांधून घ्यावा. शिकण्यासाठी जीवरक्षक असलेला तलाव आणि महिलांची स्वतंत्र बॅच निवडावी. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली पोहोचणारा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. पहिले काही दिवस छातीइतक्या पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणे आणि कठडा धरून तरंगणे, एवढेच करावे. प्रौढांना हातपाय मारण्यापेक्षा पाण्यात श्वास सोडण्याची भीती अधिक असते आणि ती गेली की पुढचे काम सोपे होते. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. हसण्याचे म्हणाल, तर त्या बॅचमध्ये बहुतेक जणी स्वतःचे नाक धरून उभ्या असतात. नाव नोंदवताना एका प्रशिक्षिकेकडे किती जणी असतात हे मात्र जरूर विचारावे आणि आकडा दहाच्या वर गेला तर दुसरा तलाव पाहावा.