वाचकांचे प्रश्न : पाप, प्रायश्चित्त आणि क्षमा

गुड फ्रायडेवरच्या लेखानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, येशूच्या मरणाने माणसाच्या पापाची क्षमा होते म्हणजे नेमकं काय होतं. विचारणारे सगळ्या धर्मांचे आहेत. पाच पत्रं निवडलीत, नावं मुद्दाम छापत नाहीये.

प्रश्न : देव सर्वशक्तिमान आहे तर त्याने सरळ "जा, माफ केलं" म्हणावं की. त्यासाठी एका निरपराध माणसाला क्रूसावर का मरावं लागलं? हे मला कधीच पटलेलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही विचारलंय ते चर्चमधली माणसंही विचारतात, फक्त हळू आवाजात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की येशूचे पहिले शिष्य सगळे यहूदी होते, आणि पापक्षमा म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर यरुशलेमचं मंदिर यायचं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिलाय. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, मुख्य याजक आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करायचा, मग दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकायच्या, एकाचा बळी देऊन त्याचं रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, दयासनावर, म्हणजे तिथल्या कराराच्या पेटीच्या झाकणावर, शिंपडायचं, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं मोठ्याने कबूल करायची आणि मग त्या बकऱ्याला रानात सोडून द्यायचं. म्हणजे एक बकरा मरतो आणि एक पापं घेऊन दूर निघून जातो. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी हाच दिवस दारफाळणीचा सण म्हणून पाळत आलेत, मंदिर इसवी सन ७० मध्ये पडल्यावर बळी थांबले पण उपास आणि प्रार्थना आजही चालू आहेत.)

इथे एक गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटते. लेवीयच्या पुढच्याच अध्यायात देव म्हणतो की वेदीवर प्रायश्चित्तासाठी हे रक्त मीच तुम्हाला दिलंय. माणूस लाच देऊन रागावलेल्या देवाला गप्प करतोय असं ते नाहीये, परतीची वाट देवच काढून देतोय. आणि नुसत्या बळीने काम भागतं असंही कुणी समजू नये म्हणून होशेय संदेष्ट्याने स्पष्ट सांगून ठेवलं की देवाला यज्ञ नको, दया हवी. येशूने तेच वाक्य दोनदा वापरलं.

आता क्रूसाकडे येऊ. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत येशूला मारलं गेलं आणि शिष्यांनी त्या मरणाकडे या जुन्या विधीच्या नजरेतून पाहिलं. पण ते मरण "काम कसं करतं" याचं एकच अधिकृत उत्तर जगभरच्या चर्चने मिळून कधीच ठरवलेलं नाही. चौथ्या शतकातल्या निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या जाहीर विश्वासवचनात, एवढंच आहे की तो आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी आला, आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला. पुढचं स्पष्टीकरण प्रत्येक काळाने आपापल्या परीने केलं. सुरुवातीच्या काही शिक्षकांनी म्हटलं की माणूस सैतानाच्या कैदेत होता, येशूने खंडणी भरून त्याला सोडवलं. त्यावर नाझियांझसच्या ग्रेगरीने चौथ्या शतकातच विचारलं की खंडणी भरली कुणाला? सैतानाला? तसं म्हणणंच लाजिरवाणं आहे. मग अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अॅन्सेल्म म्हणाला की पापाने देवाचा मान हिरावला जातो आणि ती भरपाई माणसानेच करायला हवी पण ती करायची ताकद फक्त देवात आहे, म्हणून देव माणूस झाला. त्याच्या थोडं नंतर पॅरिसच्या आबेलारने दुसरंच टोक धरलं, क्रूसावरचं प्रेम बघून माणसाचं मन पाझरतं आणि तो बदलतो. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिन आला, तो शिकलेलाच कायदा, त्याच्या मांडणीत कोर्ट आहे, गुन्हा आहे, आणि आपली शिक्षा येशूने स्वतःवर घेतली असं आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ही शेवटची मांडणी सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तुम्हाला न पटणारा भाग बहुतेक तिथलाच आहे.

माझं मत सांगतो. बाप संतापलाय, त्याला कुणावर तरी राग काढायचाय आणि मधे निष्पाप मुलगा सापडला, असं चित्र रंगवणारी प्रवचनं मी ऐकलीत आणि ती मला चुकीची वाटतात. येशूचा प्रेषित पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, येशू म्हणतो की माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. क्रूसावर कुणी तिसरा सापडलेला नाही, ज्याच्याविरुद्ध पाप झालं तोच स्वतः तिथे आहे.

आणि "सरळ माफ का केलं नाही" याबद्दल. तुम्ही कुणाला पन्नास हजार हातउसने दिले आणि त्याची परिस्थिती बघून सोडून दिले, तर ते पैसे हवेत विरत नाहीत, ते तुमच्या खिशातून गेलेले असतात, त्याच्यासाठी माफी फुकट आहे पण तुम्हाला ती पन्नास हजाराला पडलेली असते. पैशाच्या बाबतीत हे लगेच कळतं, अपमान, विश्वासघात, मारहाण यांच्या बाबतीत कळायला वेळ लागतो, पण तिथेही क्षमा करणारा माणूस समोरच्याने केलेलं नुकसान स्वतः सोसतो, सूड घेऊन ते परत त्याच्या अंगावर टाकत नाही. क्रूस म्हणजे देवाने ते सोसणं, असं मी समजतो. बाकीच्या मांडण्यांमध्ये त्याचे वेगवेगळे पैलू आहेत आणि एकच धरून बाकी टाकून द्यावं असं मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्याकडेही प्रायश्चित्त आहेच. मग ख्रिस्ती प्रायश्चित्तात वेगळं काय? (एक वाचक, सातारा)

१८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं, हे तुम्हाला माहीत असेल. ते प्रायश्चित्त जातीत परत येण्यासाठी होतं. पण तेवढ्यावरून धर्मशास्त्रातल्या प्रायश्चित्ताला नुसतं कर्मकांड म्हणणं अन्यायाचं होईल. मनुस्मृतीतसुद्धा पाप उघड सांगणं, अनुताप, तप, अध्ययन आणि अडचणीच्या वेळी दान यांनी पापी सुटतो असं म्हटलंय, आणि अनुताप त्यात ठळक आहे.

फरक मला असा दिसतो की तिथे प्रायश्चित्त ज्याने पाप केलं तो घेतो, व्रत त्याचं, दान त्याचं. ख्रिस्ती विश्वासात प्रायश्चित्त देव करतो आणि माणूस ते हात पसरून स्वीकारतो, त्याचा पश्चात्ताप, त्याची भरपाई हे सगळं क्षमा मिळवण्यासाठी नसतं, क्षमा मिळाली म्हणून असतं. पण हा फरक सांगताना मी संतांना विसरू शकत नाही. "पतित मी पापी शरण आलों तुज" म्हणणाऱ्या तुकोबांनी स्वतःच्या पुण्याचा हिशोब कुठे मांडला? रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिले, ते उगाच नाही.

प्रश्न : माझे कॅथलिक मित्र आहेत. आठवडाभर काहीही करायचं आणि शनिवारी कन्फेशनला जाऊन मोकळं व्हायचं, ही सोय नाही का? (एक वाचक, ठाणे)

बाहेरून तसं दिसतं खरं. पण कॅथलिक शिकवणीप्रमाणे त्या संस्कारात मनापासूनचा पश्चात्ताप, पाप तोंडाने कबूल करणं आणि प्रायश्चित्त म्हणून दिलेलं काम, अशा तीन गोष्टी करणाऱ्याकडून लागतात, आणि पुन्हा तेच करायचा बेत मनात ठेवून कुणी गेला तर फादरनी क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते कबुलीजबाब पोकळच. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तेवढी दुरुस्त करावी लागते. वर्षातून किमान एकदा कन्फेशन करायचा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे, आणि फादरनी तिथे ऐकलेलं कुठेही, अगदी कोर्टातही, सांगायचं नाही हा नियम तर इतका कडक आहे की तो मोडणाऱ्याला चर्च बहिष्कृत करतं.

गैरवापर झालाय, आणि तो लपवायचं कारण नाही. पैसे घेऊन दंडमाफीची पत्रं विकली गेली म्हणून तर १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पंचाण्णव मुद्दे मांडले, आणि त्यातला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी येशूची इच्छा होती. प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे इथल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही, उपासनेत सगळे मिळून पापं कबूल करतात, फादरपुढे एकेकट्याने जायची सक्ती नाही.

दोन्हीकडे जक्कयाची गोष्ट मात्र सारखीच वाचली जाते. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू स्वतःहून त्याच्या घरी मुक्कामाला गेला, अजून त्याने काहीही परत केलेलं नसताना. आणि त्यानंतर तो उठून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. माझ्यामते सगळं त्या क्रमात आहे. "देवाने मला माफ केलं" म्हणून शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे बुडवलेलेच ठेवणारा माणूस शुभवर्तमान अर्धंच वाचतोय. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतोच, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर.

प्रश्न : माझा नवरा दारू पिऊन मारतो. मी माहेरी आलेय. मंडळीतल्या बायका म्हणतात, येशूने सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला सांगितलंय, तू परत जा. मी पाप करतेय का? (नाव, गाव देत नाही)

नाही ताई. तुम्ही पाप करत नाही आहात.

तुम्हाला जे वचन ऐकवलं जातंय ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातलं आहे. त्याच अध्यायात, त्या वचनाच्या आधी, येशूने हेही सांगितलंय की भावाने तुझा अपराध केला तर त्याला तोंडावर त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकत नसेल तर तो तुला परका असो. हा भाग तुमच्या नवऱ्याला ऐकवायला कुणी गेलं का? मंडळीचं पहिलं काम ते होतं. लूकच्या शुभवर्तमानातही आधी "त्याला दटाव" आहे, मग "त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर".

क्षमा करणं म्हणजे मनातला सूड सोडणं. ते तुम्ही माहेरी राहून, तक्रार करून, कोर्टात केस चालू असतानाही करू शकता, आणि ते आज जमत नसेल तर देव घड्याळ लावून बसलेला नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम, आणि दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात जीपमध्ये जाळून मारलं. त्यांनी मारणाऱ्यांना जाहीर क्षमा केली, आणि कायद्याची कारवाई आपल्या मार्गाने चालली, गुन्हेगाराची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ मध्ये इंदूरजवळ खून झाला, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. तुरुंगात, हे लक्षात घ्या. तो गजाआड होता, आणि त्या स्वतःच्या मनाने गेल्या होत्या, कुणी ढकललं म्हणून नाही.

तुमच्या नवऱ्याने दारू सोडली, उपचार घेतले, केलेलं कबूल केलं, आणि बराच काळ तसा राहिला, तर परत जायचं की नाही याचा विचार करा, आणि तेव्हाही निर्णय तुमचाच. तोपर्यंत १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेवा, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करता येतो, तो करा. आणि ज्या बायका परत जा म्हणतात त्यांना हे पान दाखवा.

प्रश्न : पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही असं वाचलं. तरुणपणी मी रागात देवाला खूप वाईट बोललो होतो. तेव्हापासून झोप लागत नाही. (एक वाचक, अहिल्यानगर)

मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ते वाक्य आहे, पण त्याच्या लगेच आधी येशू म्हणतो की माणसांना सगळ्या पापांची आणि निंदेची क्षमा होईल. प्रसंग असा की येशू भुतं काढत होता आणि शास्त्री, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राचे जाणकार, म्हणत होते की हा सैतानाच्या बळावर करतो, म्हणजे डोळ्यासमोर चांगलं घडत असताना त्यालाच ते समजून उमजून वाईट म्हणत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. तुम्हाला वाटतंय, इतकी वर्षं वाटतंय. येशूचा शिष्य पेत्र याने तर शपथा घालून घालून तीनदा येशूला नाकारलं, आणि त्यालाच येशूने पुढे तीनदा "माझ्यावर प्रेम करतोस का" विचारून मेंढरांची जबाबदारी दिली.

तुम्ही रागात बोललात ते देवाला सांगा, एकदा सांगा, आणि पुन्हा पुन्हा उकरू नका. तुमच्या पाळकांनाही सांगा. आणि झोप न लागणं, तोच विचार सारखा येत राहणं, क्षमा मागूनही मन न मानणं हे वर्षानुवर्षं चाललं असेल तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर औषधं आणि उपचार आहेत, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.