शेअर बाजार बघून मंदी आधी ओळखता येते का? आणि मिन्स्कीचं संशोधन नेमकं काय सांगतं?

प्रश्न दोन आहेत: हायमन मिन्स्की या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने तेजी-मंदी आणि वित्तबाजारावर जे काम केलं ते सोप्या भाषेत काय, आणि शेअर बाजार बघून मंदी आधी कळते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते लवकर होईल. नाही कळत, निदान त्यावर भरवसा ठेवावा इतकी तरी नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या आसपास बंद झाला, आणि ३१ ऑगस्टला एप्रिल-जूनचा जीडीपी २३.९ टक्के घसरल्याचं सरकारने जाहीर केलं त्या दिवशी तोच सेन्सेक्स ३८ हजारांच्या वर होता. इकडे ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत कामगार गावाला निघून गेलेले, गाळे धड चालू नाहीत, आणि बाजार वर. बाजार पुढचं बघतो हे खरं, पण कधीकधी भलतंच बघतो. पॉल सॅम्युएल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६६ मधे गमतीने लिहिलं होतं की बाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ ओळखल्या, म्हणजे चार वेळा उगाच घाबरवलं.

आता मिन्स्की. मी ठाण्यात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो आणि मला हा माणूस इतर कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा जवळचा वाटतो, कारण तो निर्देशांक बघत नाही, कर्ज कोण कशातून फेडणार ते बघतो. बाकीचे बरेच जण मंदीचं कारण बाहेर शोधत होते, युद्ध, तेलाचे भाव, दुष्काळ वगैरे. मिन्स्की म्हणाला की कारण आतच आहे, चार-पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं की त्या सुरळीतपणामुळेच कर्ज घेणारा आणि देणारा दोघंही सैल होतात.

त्याने कर्जदारांचे तीन प्रकार केले. पहिला, धंद्याच्या कमाईतून व्याजही भरतो आणि मुद्दलही. दुसरा व्याज भरतो पण मुद्दल फिटत नाही, मग मुदत आली की नवं-जुनं करतो, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडतो. तिसऱ्याचं व्याजही कमाईतून निघत नाही, त्याची सगळी भिस्त घेतलेली जागा किंवा शेअर पुढे महाग विकला जाण्यावर. तेजी लांबली की पहिले लोक हळूहळू दुसऱ्यात सरकतात आणि दुसरे तिसऱ्यात, आणि गंमत म्हणजे त्या काळात कोणाचीच थकबाकी दिसत नाही, वही एकदम स्वच्छ.

हे कागदावर कसं दिसतं ते सांगतो. समजा एका फॅब्रिकेशनवाल्याचं कॅश क्रेडिट खातं आहे, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं धंद्याचं कर्ज, तारण त्याचा गाळा. दरवर्षी रिन्यूअलला व्हॅल्युअरचा, म्हणजे तारणाची किंमत ठरवणाऱ्याचा रिपोर्ट येतो, गाळ्याची किंमत वाढलेली, म्हणून लिमिट वाढवून द्या असा अर्ज. विक्रीचे आकडे बघितले तर ऑर्डरी जवळजवळ तेवढ्याच, धंदा काही वाढलेला नाही, वाढली फक्त तारणाची किंमत. वाढलेल्या लिमिटमधून पैसे निघतात आणि घोडबंदर रोडला दुसऱ्या फ्लॅटच्या बुकिंगला जातात, असं बरेच जण करतात म्हणून फ्लॅटचे भाव चढतात, म्हणून पुढच्या वर्षीचा व्हॅल्युएशन रिपोर्ट आणखी चांगला. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालाचा हिशोब, वेळेवर, व्याज वेळेवर, शेरा मारायला जागाच नाही. अशा फाइलवर सही करताना मला मिन्स्की आठवतो, कारण हा माणूस वाईट नाही, खोटं बोलत नाही, फक्त पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेलाय आणि ते त्यालाही माहीत नाही.

भाव थांबले की हेच चाक उलटं फिरतं: तारण कमी, लिमिट कमी, फ्लॅट विकायला काढले पण घेणारा नाही, मग भाव अजून खाली. कियोटाकी आणि मूर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९७ मधे हे गणितात मांडलं. बेन बर्नांके या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९८३ मधे १९३० च्या दशकातल्या महामंदीचा अभ्यास करून दाखवलं की बँका बुडाल्या की नुसते ठेवीदारांचे पैसे जात नाहीत, कोणाला कर्ज द्यावं ही बँकांकडची माहितीही जाते आणि चांगल्या धंद्यालाही कर्ज मिळेनासं होतं. २०२२ चं नोबेल त्याला, डायमंड आणि डिब्विग यांच्याबरोबर, बँका आणि आर्थिक संकटांवरच्या अशाच कामासाठी मिळालं. मिन्स्की १९९६ मधेच गेला. त्याच्या हयातीत मोठ्या विद्यापीठांनी त्याला फारसं विचारलं नाही, २००८ नंतर सगळे त्याची पुस्तकं शोधायला लागले, हे मला आजही लागतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१८ ची आयएल अँड एफएस, पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारी कंपनी. रस्ते, बोगदे, वीस-वीस वर्षांनी पैसे परत देणारी कामं, आणि त्यासाठी उचललेला बराच पैसा कमी मुदतीचा, म्हणजे तोच दुसरा प्रकार. सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज आणि अगदी ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं रेटिंग. सप्टेंबरमधे हप्ते चुकले, म्युच्युअल फंडांनी बाकीच्या फायनान्स कंपन्यांनाही नवं-जुनं करून द्यायला हात आखडता घेतला, आणि त्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या बिल्डरांची कामं अडकली. नवी मुंबईच्या तळोजा, उलवे भागात ज्यांनी बुकिंग केलं होतं त्यांच्यातल्या कित्येकांनी घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरले. सेन्सेक्स बघून यातलं काही कळलं असतं का? ऑगस्ट २०१८ मधे तो उच्चांकावर होता.

मिन्स्की तारीख सांगत नाही, ही त्याची खरी मर्यादा आणि ती मान्य करायला हवी. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या बीआयएसमधे, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेत, क्लॉडिओ बोरिओ आणि सहकाऱ्यांनी मोजून बघितलं तर कर्ज आणि घरांच्या किमतींचं चक्र साधारण १५ ते २० वर्षांचं निघतं, नेहमीचं तेजी-मंदीचं चक्र फार तर आठ वर्षांचं. म्हणून मधली एखादी छोटी मंदी पार पडली की लोकांना वाटतं संकट टळलं, आणि कर्ज आत वाढतच असतं. सरकार आणि रिझर्व्ह बँक दरवेळी वाचवतात, वाचवायलाच हवं, २०२० चं मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, नसतं तर आमची कितीतरी खाती गेली असती, पण मिन्स्कीने हेही लिहून ठेवलंय की वाचलेला माणूस पुढच्या वेळी जास्त धाडस करतो.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल वर्षातून दोनदा येतो, जूनच्या आणि डिसेंबरच्या सुमारास, फुकट आहे. त्यात विनातारण कर्जं किती वेगाने वाढताहेत आणि ती कोण घेतंय तेवढं आधी वाचा. नोव्हेंबर २०२३ मधे रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या विनातारण कर्जांवरचं जोखीम-वजन (त्या कर्जामागे बँकेने स्वतःचं किती भांडवल ठेवायचं ते ठरवणारा आकडा) १०० वरून १२५ टक्के केलं, तेव्हा बाजार जोरात होता आणि थकबाकीही कमी होती. बरोबर तेव्हाच करायचं असतं ते.