संस्कृती तोलण्याआधी नकाशा तोला

सिव्हिलायझेशन ६ या संगणकीय रणनीती-खेळाचा अनेक खेळाडूंचा सामना प्रथमच भरवताना बहुतेक जण बलाढ्य संस्कृतींवर (म्हणजे खेळाडू निवडतो त्या राष्ट्रांवर) बंदी घालायला धावतात. माझा आग्रह असा की तुम्ही आधी नकाशा पाहावा, कारण सुरुवातीचा अन्याय बहुधा तिथेच घडतो. गोड्या पाण्याजवळ वसवलेल्या शहराला घरांची मूळ क्षमता ५ मिळते, समुद्रकिनारी ३ आणि कोरड्या जागी केवळ २; त्यामुळे एकाची राजधानी विनासायास वाढत असताना दुसऱ्याची लोकसंख्या प्रारंभीच खुंटते, आणि ही तूट कौशल्याने भरून काढणे फार कठीण असते. सुरुवातीच्या जागांसाठी ‘संतुलित’ हा पर्याय जरूर निवडा, परंतु केवळ त्यावर विसंबू नका. सामन्यात न खेळणाऱ्या सहकाऱ्याकडून राजधान्यांमधील अंतर, डोंगरांची आडकाठी आणि लोखंड व घोडे यांची वाटणी तपासून घ्या.

संस्कृतींचे बळ त्यानंतर ठरवा, कारण ते नकाशावर अवलंबून असते. जहाजबांधणी शिकताच नॉर्वेच्या तुकड्या महासागर ओलांडू शकतात, हा गुण बेटांच्या नकाशावर मोलाचा ठरतो, तर एकसंध महाखंडावर जवळजवळ वाया जातो. बॅबिलॉनची गोष्ट मात्र वेगळी आहे: इतरांना युरेकामुळे, म्हणजे ठरावीक कामगिरी केल्यावर संशोधनाला मिळणाऱ्या चालनेमुळे, तंत्रज्ञानाचा काही भागच मिळतो, तिला ते संपूर्ण मिळते. प्रत्येक पाळीला मिळणारे तिचे विज्ञान (तंत्रज्ञान शिकण्यासाठी लागणारे गुण) निम्मे होत असले, तरी अनुभवी खेळाडूच्या हाती ही भरपाई अपुरी पडते, म्हणून नवशिक्यांच्या सामन्यात मी तिला वगळतो. उरलेल्या संस्कृतींमधून प्रत्येकाला तीन-चार पर्याय द्यावेत.